दादांना कोण विचारणार, आक्का

आक्का, तुमी गेल्यापासून ह्या घरात कुणी भांडलेलं नाही.

लोकांना वाटतं, दुःखात घर कसं समजूतदार झालंय. मला ह्या समजूतदारपणानं घेरी यायलीय. सकाळपासून चार कामं हातात घेते, एकही पुरं होत नाही. भांडी घासता घासता उठते, गोठ्यात जाते, कशाला आले ते विसरते, परत येते तर नळ चालूच. तुमी असता तर म्हणाल्या असता, पाणी काय तुझ्या बापानं आणून सोडलंय का. मी म्हणाले असते, माझ्या बापाचं नाव काढायचं काम नाही. मग दुपारच्या भाकरीपर्यंत आपलं चाललं असतं आणि त्या नादात सगळी कामं उरकली असती. आपल्या भांडणात कामं लय उरकायची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही कधी.

पुण्यानुमोदनाला सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. शांत स्वभावाची बाई, कुणाला वावगं बोलली नाही, असं एकजण उभं राहून म्हणाले तेव्हा मी पदरात तोंड घातलं. बायकांना वाटलं रडायली. मला हसू आवरंना, आक्का. तुमी आणि वावगं बोलल्या नाहीत! भंतेजी समोर बसलेले म्हणून मी तशीच खाली मान घालून राहिले. मग त्या हसण्याचंच रडू झालं, ते अजून जायला तयार नाही.

पण रडत बसायला मला सवड नाही. दादांचं लक्षण मला बरं दिसंना. ते सांगायलाच ही पोरीच्या वहीची पानं घेऊन बसलेय. तुमी म्हणाल, मग सरळ मुद्द्यावर ये की. येते. तुमच्याशी बोलताना मी कधी सरळ मुद्द्यावर आले होते?

तुमच्या नवऱ्याशी मी आजपर्यंत समोरासमोर एक शब्द बोललेली नाही. नव्यानं ह्या घरात आले तेव्हा तुमीच सांगितलं होतं, थोरला दीर म्हणजे भाया, भायापुढं पदर डोक्यावर, नजर खाली आणि तोंड बंद. मी बारावी शिकलेली, विहारात समतेची भाषणं ऐकत वाढलेली. म्हणाले, हे काय आक्का, आपल्यात बी हे? तुमी म्हणाल्या, भाषण विहारात, पदर घरात, दोन्ही जिथल्या तिथं ऱ्हाऊ दे. मी चिडले, पण पदर घेतला. घेतला तो घेतलाच.

मग दादांचं आणि माझं सगळं बोलणं तुमच्यातून जायला लागलं. ते ओसरीवर, मी चुलीपाशी, मधे दोन हाताचं अंतर. मी तुमाला म्हणायचे, दादांना म्हणावं चहा झाला. त्यांना ऐकू गेलेलं असायचं, तरी तुमी मान वळवून सांगायच्या, चहा झाला म्हणती. ते म्हणायचे, तिला म्हणावं साखर दाबून घाल, काल पाणी पाजलं मला. तुमी परत माझ्याकडं वळायच्या. पोस्टाचं काम केलंत जन्मभर, आणि मधल्या मधे आपल्या पदरचं घालायच्या ते वेगळंच. दादा एवढंच म्हणायचे की आमटी खारट झाली, माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यात माझं माहेर, माझं शिक्षण आणि माझी झोप, सगळं आलेलं असायचं.

दादांचा आवाज म्हणजे काय होता ते तुमाला सांगायला नको. एस्टी उशिरा आली तर कंडक्टरला, कापूस भिजला तर आभाळाला, चहा फिका झाला तर अख्ख्या घराला. पिंगळी स्टेशनावर उभं राहून बोलले तर परभणीला ऐकू जावं. तो माणूस आता आवाजच चढवंना झालाय, आणि गाव म्हणतंय, कसा खंबीर निघाला.

खंबीर! आक्का, हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. कारण मलाही एकदा गावानं असंच नावाजलं होतं. शोभा सुधारली म्हणून.

तेव्हाचं आपण दोघी पुन्हा कधी नीट बोललो नाही, म्हणून आज सगळं बोलते. मला काय झालं होतं हे मला अजून धड सांगता येत नाही. लोक कारण शोधतात. सासूचा जाच? सासू मी यायच्या आधीच गेलेली. नवऱ्याचा मार? ह्यांनी कधी बोट लावलं नाही. जाऊ वाईट? ते होतं, पण तेवढ्यासाठी कुणी जिवावर उठत नाही. आधी झोप गेली. मग चव गेली. मग प्रज्ञा शाळेतून येऊन काहीबाही सांगायची, तर पोरीचे ओठ हललेले दिसायचे आणि बोलणं माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. मन सारखं म्हणायचं, तू ह्या घरावर ओझं आहेस, तू नसलीस तर सगळ्यांचं बरं होईल. लय दिवस त्याच्याशी झगडले. मग एक दिवस मनातल्या मनात म्हणाले, बरं, तसंच. आणि एकदम हलकं वाटलं. मी हसायला लागले, सगळ्यांना हो म्हणायला लागले. हे तेव्हा हंगामाला गंगाखेडच्या साखर कारखान्यावर होते, सुट्टीला आले तर खूष. म्हणाले, आता कसं घर घरासारखं वाटायलंय.

त्याच दिवसांत मी प्रज्ञाला तिची वेणी तिची तिला घालायला शिकवली. दुसरीतली पोर, हात मागं पोचायचे नाहीत, पण मी बसवून बसवून शिकवलं. शेजारणी म्हणाल्या, किती हौशी आई. लग्नातली जांभळी साडी तुमच्या अंगावर टाकली, म्हणाले, तुमालाच शोभती. तुमी ती साडी हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या. ती साडी तुमी माझ्याकडं किती वेळा मागितली होती आणि मी किती वेळा नाही म्हणाले होते.

मग तो येसराचा दिवस. गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी, धने, खोबरं, सगळं भाजायचं, दळायचं, वर्षाच्या आमटीची सोय करायची. येसरावरून आपली दरवर्षीची ठरलेली लढाई. माझ्या माहेरी बाजरी बेतानं घालतात, तुमी मापानं ओतणार. त्या दिवशी मी काहीच म्हणत नव्हते. तुमी बाजरी ओतली, मी गप्प. अजून ओतली, गप्प. मग तुमी उलथनं हातात धरून मुद्दाम म्हणाल्या, तुझ्या आईच्या हातचं येसर म्हंजे म्हशीचं आंबोण. आईवर गेलेलं मी कधी ऐकून घेतलेलं नाही, हे तुमाला चांगलं ठाऊक.

मी म्हणाले, व्हय आक्का, बरोबर हाय तुमचं.

तुमी कढई उतरवली. चुलीतली लाकडं मागं ओढली. माझ्या समोर मांडी घालून बसल्या, माझा पदर डोक्यावरून खाली ओढला, तोंड दिसावं म्हणून.

"शोभा, इकडं बघ. जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या?"

मीठ हाय का विचारावं, तसं विचारलं. आवाज चढवला नाही, दबवला नाही. आणि माझ्या तोंडून पण तसंच सरळ निघालं, "हाय."

तेवढं एक अक्षर बाहेर पडायला मी किती दिवस वाट बघत होते, ते मला ते निघाल्यावर कळलं. ह्यांनी विचारलं होतं, बरी हायस ना? त्याला बरी हाय एवढंच उत्तर असतं. आईनं फोनवर विचारलं होतं, जेवतीस ना? तुमी एकटीनं खरं ते विचारलं. आणि मग तुमी रडल्या नाहीत. पोरीचा विचार कर म्हणाल्या नाहीत. असलं अभद्र बोलू नये म्हणाल्या नाहीत. कवापासून, कशानं, कुठं ठेवलंय, एकेक विचारत गेल्या आणि मी एकेक सांगत गेले. ते इथं लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. तुमी मला हाताला धरून सोबत घेतलं, ते घराबाहेर काढलं, परत आणून चुलीपुढं बसवलं आणि म्हणाल्या, राहिलेली बाजरी तू भाज. मी भाजली. करपली. वर्षभर घरानं ते कडू येसर खाल्लं, दादांनी रोज बोंब मारली, आणि तुमी एकदाही सांगितलं नाही की ते कुणी करपवलं.

कुणीतरी म्हणालं, बाहेरचं बघा, देवऋषाकडं न्या. तेव्हा दादा ओसरीवरून तुमच्यावर ओरडले, "तिला म्हणावं, ताप आला तर दवाखान्यात जाती का भगताकडं? डोकं काय अंगाच्या भायेर असतंय?" मी आतच बसले होते, सगळं ऐकत होते. तरी तुमी आत येऊन मला ते सांगितलं. माझ्यासाठी ह्या घरात कुणी पहिल्यांदा ओरडलं असेल तर दादा.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. पिंगळीच्या फलाटावर तुमी माझ्या पदराची गाठ तुमच्या पदराला मारली. घट्ट, दावं बांधावं तशी. मी म्हणाले, आक्का, लोक हसायलेत. तुमी म्हणाल्या, हसू दे, त्यांची करमणूक झाली. डब्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, कशाचं व्रत म्हणायचं हे? तुमी म्हणाल्या, भांडणाचं. मला तेव्हा हसू आलं नाही, काहीच येत नव्हतं. पण आता रोज येतं. परभणीत उतरून ऑटोत बसलो, दवाखान्याचा जिना चढलो, डॉक्टरच्या पुढ्यात बसलो, तरी गाठ तशीच. डॉक्टर पोरगेलाच होता. त्यानं विचारलं, तुम्हाला कसं लक्षात आलं? तुमी म्हणाल्या, आमच्याशी भांडंना झाली. मला वाटलं हसेल. तो हसला नाही, तसंच लिहून घेतलं.

गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. तुमी रोज पाणी घेऊन पुढ्यात उभ्या, गोळी गिळली की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. मला एकटं सोडायचं नाही म्हणून मोरीच्या दारात बसून शेंगा फोडायच्या. किती दिवस गेले कोण जाणे. एका सकाळी तुमी जीभ दाखव म्हणाल्या आणि माझं टाळकं सरकलं. म्हणाले, मी काय म्हैस हाय का दात बघायला? तुमी तांब्या तिथंच टाकून ओसरीवर पळाल्या. दादांना म्हणाल्या, भांडली हो, भांडली. दादा म्हणाले, मग काय पेढे वाटू? आणि संध्याकाळी परभणीहून जिलेबीचा पुडा आणून चौकटीत ठेवला.

आता तुमच्याशी भांडण राहिलंय ते ऐका. बरी झाल्यावर तुमी बचत गटाच्या बैठकीत, सगळ्या बायकांपुढं, माझं नाव घेऊन हे सगळं सांगितलं. मी तिथंच सतरंजीवर बसलेली. घरी येऊन मी कडाकडा भांडले. म्हणाले, माझी इज्जत चव्हाट्यावर मांडायला तुमी कोण? तुमी म्हणाल्या, तुला टायफाइड झाला तवा गावाला सांगितलं, तवा न्हाई गेली ती इज्जत? बोलायला तुमाला कोण हरवणार, पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. नंतर दोघीजणी मला एकटीला गाठून विचारायला आल्या, एक तर स्वतःच्या लेकीसाठी. त्यांचं भलं झालं, तेही खरं. तरी आधी मला विचारायला पाहिजे होतं, आक्का. मी हो म्हणाले असते का? नसते म्हणाले. पण विचारायला पाहिजे होतं. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं, दर दिवाळीला कुठून तरी निघायचंच, आणि तुमी निकाल न लावता निघून गेल्या. हे काय बरं केलं नाही.

आणि एक विचारायचं राहिलंच. असं तोंडावर विचारायचं असतं, हे तुमाला कुणी शिकवलं? एकदा विचारलं तर म्हणाल्या, तू भांडंनास तर माझा दिवस सरंना, म्हणून विचारलं. टाळलं तुमी. काहीतरी होतं, जे तुमी पोस्टमन असून पोचवलं नाही. आता ते कायमचं तुमच्यापाशी राहिलं.

बरं, दादा.

पहिले दिवस मला वाटलं, दुःख आहे. माणूस दुःखात गप्प बसणारच. तुमचं लुगडं उशाला घेऊन बसले, जेवले नाहीत, रडले, तोवर मला भीती वाटली नाही. भीती वाटली ते रडायचे थांबले तेव्हा. चार दिवसांपासून सगळ्यांशी नीट बोलायलेत. दाढी करायलेत. ज्याच्याशी बांधावरून कायम तंटा, त्याला बोलावून म्हणाले, तुझंच खरं धर. तो माणूस चक्रावून गेला. ह्यांना विहिरीवरच्या मोटारीपाशी नेऊन दाखवलं की ती अडली तर कुठं ठोकायची. ज्या मोटारीला दादांनी दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही ती मोटार. परवा त्यांचा पितळी पानडबा शेजारच्या तात्यांना देऊन टाकला. तात्या खूष होऊन सांगत सुटले, मोह सुटला म्हणून. भंतेजी सांगतात तो मोह असा सुटत नसतो, आक्का, एवढं मलाही कळतं.

मी काल एक केलं. तुमचीच चेली. दुपारचा चहा बिनसाखरेचा केला. चिमूटभरसुद्धा घातली नाही. कपबशी चौकटीत ठेवली आणि दाराआड उभी राहिले. दादांनी कप उचलला. घोट घेतला. दुसरा घेतला. सगळा पिले. कप खाली ठेवून, कुणाकडंही न बघता म्हणाले, चांगला झालाय.

 ह्याच माणसानं फिक्या चहाचा कप अंगणात भिरकावलेला मी पाहिलाय.

ह्यांना सांगितलं. ह्यांना ऑटो चालवून दिवसभर लोकांशी बोलायची सवय, पण भावाशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटती. तरी गेले. विचारलं, दादा, बरा हायस ना? दादा म्हणाले, बरा हाय. हे परत येऊन मला म्हणाले, विचारलं, बरा हाय म्हणतोय. मी म्हणाले, हे नाही विचारायचं, ते विचारा. हे म्हणाले, येडी का खुळी, तसलं विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात येईल. मी म्हणाले, आक्कानं मला विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, होतं ते निघालं. तर म्हणाले, तू आक्का हायस का?

नाही. मी आक्का नाही. मी धाकटी जाऊ, डोक्यावर पदर घेतलेली, भायापुढं तोंड न उघडलेली. आक्का असत्या तर मी त्यांना म्हणाले असते, दादांना विचारा. आणि आक्का मान वळवून विचारत्या. आता मान वळवायला मधे कुणी नाही. तुमी गेल्यापासून मी भिंतीला सांगते, जेवण झालंय. दादा शेरडीला सांगतात, भूक न्हाई म्हणावं. शेरडी कुणालाच काही सांगत नाही.

समजा मी विचारलं आणि तसं काही नसलं, नुसतं दुःखच असलं तर? गाव म्हणेल, बाईला लाज राहिली नाही, बायको जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर भायापुढं जाऊन मरणाचं बोलली. म्हणू दे. आणि नाही विचारलं आणि तसं असलं तर? तर गाव पुन्हा चांगलंच बोलणार. खंबीर होता म्हणणार.

दुपार कलायलीय. हे अंगणात ऑटो धुवायलेत. दादा ओसरीवर बसलेत, दोरीला पीळ देत. मी हे लिहीत बसलेय म्हणजे टाळायलेय. उठते.

आले.

मी गेले आणि त्यांच्या समोर बसले. बाजूला नाही, दाराआड नाही, समोर. त्यांनी बघितलं आणि मान फिरवली, मला पदर सावरायला वेळ द्यावा म्हणून. मी सावरला नाही. खांद्यावर टाकला. आधी त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली, मग "दादा" म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना उद्देशून निघालेला माझा पहिला शब्द. तो मलाच परका वाटला.

"दादा, जीव द्यायचं मनात हाय का तुमच्या?"

मला तुमच्यासारखं जमलं नाही, आक्का. आवाज फाटला. तिकडं ह्यांच्या हातातला पाण्याचा पाइप थांबला. दादा माझ्याकडं बघंनात. ते दोघांच्या मधल्या जागेकडं बघत राहिले, चौकटीपाशी, जिथं तुमी पाय पसरून शेंगा फोडत बसायच्या. मग त्या रिकाम्या जागेकडं मान वळवून, अगदी रोजच्यासारखं म्हणाले,

"तिला म्हणावं, व्हय."

मी पण तिकडंच बघून विचारलं. कवापासून म्हणावं. कशानं म्हणावं. कुठं ठेवलंय म्हणावं. त्यांनी तुमाला सगळं सांगितलं, एकेक करून. मी नुसतं ऐकलं. पुढं मीही रडले आणि तेही रडले, त्यात तुमच्यासारखं काही राहिलं नाही. हे हातातलं टाकून आले आणि भावाच्या शेजारी बसले, ते अजून तिथंच बसलेत, खांद्याला खांदा लावून. जे होतं ते मी घरातून काढून लांब पोचवून आले. उद्या सकाळी ह्यांच्या ऑटोतून परभणीला. मागच्या सीटवर दादांच्या शेजारी मी बसणार आहे, गावाला काय बघायचं ते बघू दे. पदराची गाठ त्यांच्या उपरण्याला मारायची का, हे तेवढं ठरायचंय. आणि बचत गटात हे मी त्यांना विचारल्याशिवाय सांगणार नाही, हे ऐकून ठेवा.

आत्ता चहा केला. हाताला अंदाज राहिला नाही, साखर दोनदा पडली असावी. कप चौकटीत ठेवला नाही, त्यांच्या हातात दिला. एक घोट घेऊन दादांनी तोंड वाकडं केलं. मग त्या जागेकडं बघून म्हणाले, बारीक आवाजात, पण म्हणाले, "तिला म्हणावं, पाक पाजायलीस का?"

एका तक्रारीनं माणूस बरा होत नाही, मला ठाऊक आहे. उद्याचं जाणं चुकत नाही, गोळ्या चुकत नाहीत, रोज जीभ वर करून बघणं चुकत नाही. पण मी कप त्यांच्या हातातच सोडून चुलीपाशी पळाले, आणि तिथं तुमी नव्हत्या. म्हणून हे तुमाला इथं लिहून सांगते. दादा भांडले हो आक्का, भांडले.